हायपरजायंट तारा कसा ओळखावा: बेळगाव-खानापूरच्या आकाशासाठी मार्गदर्शन

खानापूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात जानेवारीच्या रात्री अंगणात उभे राहिले, तर मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य हे तारे लहान मुलालाही दाखवता येतात, आणि ते दाखवताच ठरलेला प्रश्न येतो: आकाशातला सर्वांत मोठा तारा हाच का? या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक जण आकाराचे आकडे सांगू लागतात आणि तिथेच वाट चुकते. राक्षसी तारा, महाराक्षसी तारा आणि त्याही वरचा हायपरजायंट ही नावे आकाराच्या चढत्या पायऱ्यांसारखी वाटतात, पण खगोलशास्त्रज्ञ हायपरजायंट हे नाव देतात ते ताऱ्याच्या वातावरणाची अवस्था पाहून. असा तारा स्वतःच्याच प्रकाशाच्या रेट्याने आपले बाहेरचे थर अवकाशात उधळत असतो आणि त्याची खूण त्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाची रंगांत फोड केल्यावर दिसणाऱ्या काळ्या-उजळ रेषांच्या पट्ट्यात, उमटलेली असते. म्हणून एखाद्या ताऱ्याचा वर्ग ठरवायचा किंवा कुणी ठरवलेला वर्ग नीट वाचायचा असेल, तर आधी वर्णपट, मग अंतर आणि शेवटी काळ, या क्रमाने जावे. हा क्रम मोडला की चुका होतात, आणि व्यावसायिक खगोलशास्त्रातही त्या झालेल्या आहेत.

आधी वर्णपट

ताऱ्याच्या वर्गाची खूण तीन भागांची असते: एक अक्षर, त्यापुढे एक अंक आणि शेवटी रोमन आकडा. अक्षर पृष्ठभागाचे तापमान सांगते. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा क्रम हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी पक्का केला आणि १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या हेन्री ड्रेपर सूचीत सव्वादोन लाख ताऱ्यांना त्या क्रमाने वर्ग दिले. या अक्षरांमागे तापमान का असावे, याचा उलगडा मेघनाद साहा यांच्या १९२० मधील आयनीभवनाच्या समीकरणाने झाला. वायू किती तापल्यावर कोणत्या मूलद्रव्याचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यामुळे कोणत्या रेषा दिसतात किंवा नाहीशा होतात, हे त्यातून मोजता येऊ लागले. ओ वर्गाचे तारे ३०,००० केल्विनहून अधिक तप्त असतात, एम वर्गाचे ३७०० केल्विनच्या खाली. अंक त्या अक्षराच्या आतली बारीक पायरी दाखवतो. सूर्य जी-२ आहे, राजन्य बी-८.

रोमन आकडा दीप्तीचा, म्हणजे तारा प्रत्यक्षात किती प्रकाश टाकतो त्याचा, वर्ग सांगतो, आणि आपल्या विषयाचा गाभा तोच आहे. विल्यम मॉर्गन, फिलिप कीनन आणि एडिथ केलमन यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेतून ही पद्धत मांडली. पाचव्या वर्गात सूर्यासारखे साधे तारे, तिसऱ्यात राक्षसी आणि पहिल्यात महाराक्षसी तारे येतात. पहिल्या वर्गाचे पुन्हा एक-बी, एक-एबी आणि एक-ए असे भाग आहेत. त्याही पलीकडे जे तारे जातात त्यांच्यासाठी शून्य वर्ग किंवा एक-ए-अधिक अशी खूण वापरतात, आणि हायपरजायंट म्हणजे हे तारे.

तापमान सारखे असूनही दीप्ती वेगळी आहे हे नुसत्या वर्णपटावरून कसे कळते, हे येथे थांबून समजून घ्यावे, कारण पुढचे सारे यावर उभे आहे. साध्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर वायू दाट असतो. तिथल्या प्रत्येक हायड्रोजन अणूला शेजारच्या विद्युतभारित कणांचा सतत धक्का बसतो, त्याच्या ऊर्जापातळ्या थोड्या थोड्या सरकतात आणि म्हणून त्याची शोषणरेषा, म्हणजे अणूंनी प्रकाश शोषल्याने पडलेली काळी रेषा, रुंद, पसरट दिसते. सौंदत्तीच्या यात्रेतल्या गर्दीत माणसाला सरळ चालता येत नाही, पण माळावर एकटाच निघाला तर तो रेघ आखल्यासारखा चालतो. तसेच महाराक्षसी ताऱ्याच्या विरळ वातावरणात अणूला धक्के कमी बसतात आणि रेषा बारीक, रेखीव राहते. ए आणि बी वर्गांच्या ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा जितक्या बारीक, तितका तारा फुगलेला आणि तेजस्वी, असा हा ढोबळ नियम आहे. जी, के आणि एम वर्गांच्या थंड ताऱ्यांसाठी वेगळी खूण लागते. १९५७ मध्ये ओलिन विल्सन आणि आपले वेणू बाप्पू यांनी दाखवून दिले की कॅल्शियमच्या के-रेषेच्या मध्यभागी दिसणाऱ्या उत्सर्जनाची, म्हणजे उजळ भागाची, रुंदी ताऱ्याच्या दीप्तीबरोबर वाढते. तमिळनाडूतली कवलूरची वेधशाळा आज ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते हेच बाप्पू.

आता हायपरजायंट वेगळा काढायचा. येथे व्याख्येतच एक बदल झालेला आहे आणि तो माहीत नसेल तर जुनी आणि नवी पुस्तके वाचताना गोंधळ उडतो. १९५६ मध्ये फीस्ट आणि थॅकरे या खगोलशास्त्रज्ञांनी ज्यांची निरपेक्ष प्रत (तारा दहा पार्सेकवर, म्हणजे सुमारे ३३ प्रकाशवर्षांवर, ठेवला तर दिसेल ते तेज; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) −७ हून तेजस्वी आहे अशा ताऱ्यांसाठी स्वतंत्र नाव वापरले. ही निव्वळ तेजाची कसोटी होती. तिने मोजले तर सुमारे −७.८ निरपेक्ष प्रतीचा राजन्यही या पंक्तीत बसतो. १९७१ मध्ये कीनन यांनी सुचवले की ज्या महाराक्षसी ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजन-आल्फा रेषेचा निदान एक रुंद उत्सर्जन-भाग दिसतो, म्हणजे ज्याचे वातावरण फार पसरलेले आहे किंवा ज्याचे वस्तुमान वेगाने उधळले जात आहे, त्यालाच हे नाव द्यावे. माझ्या मते हीच कसोटी धरावी, कारण ती ताऱ्यात प्रत्यक्ष काय घडते आहे ते विचारते. राजन्य या कसोटीवर एक-ए वर्गाचा महाराक्षसी तारा राहतो.

म्हणून वर्णपट हाती आला की ६५६.३ नॅनोमीटरच्या जागी असलेली हायड्रोजन-आल्फा रेषा प्रथम पाहावी. ती काळी खाच असेल तर तारा शांत आहे. ती उजळ उंचवट्यासारखी असेल आणि त्या उंचवट्याच्या निळ्या बाजूला लागूनच एक खाच असेल, तर ताऱ्यापासून सर्व दिशांना वायूचा वारा वाहतो आहे: आपल्याकडे येणारा वायू खाच पाडतो आणि आजूबाजूला पसरलेला वायू उजळपणा देतो. हंस तारकासमूहातल्या पी सिग्नी या ताऱ्यावरून रेषेच्या या आकाराला नाव पडले. त्या ताऱ्याच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर आहे, म्हणजे खाच मूळ जागेपासून अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी सरकते. एका मिलिमीटरला १०० रेषा असलेल्या साध्या ग्रेटिंगने, म्हणजे प्रकाशाची रंगांत फोड करणाऱ्या बारीक रेघांच्या काचेने, ती खाच सुटी दिसणार नाही. उजळ रेषा मात्र लहान दुर्बीण, कॅमेरा आणि अशी ग्रेटिंग यांनी टिपता येते. शाळेच्या प्रयोगासाठी तेवढे पुरे आहे.

उजळ रेषा दिसली म्हणजे तारा हायपरजायंटच, असे मात्र समजू नये. १८६७ मध्ये पॅरिस वेधशाळेत शार्ल वुल्फ आणि जॉर्ज राये यांना हंसातच तीन तारे सापडले, ज्यांच्या वर्णपटात फार रुंद उजळ पट्टे होते. वुल्फ-राये तारे म्हणून ओळखले जाणारे हे तारे आपले हायड्रोजनचे आवरण बव्हंशी गमावून बसलेले असतात आणि त्यांचे पट्टे हेलियमबरोबर नायट्रोजन, कार्बन किंवा ऑक्सिजनचे असतात. कोणते पट्टे ठळक आहेत त्यावरून त्यांचे डब्ल्यूएन, डब्ल्यूसी आणि डब्ल्यूओ असे वर्ग पडतात. ते तेजस्वी असतात, पण फुगलेले नसतात. भेद ओळखण्याची सोपी खूण रुंदीची आहे: त्यांचा वारा सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने वाहतो, त्यामुळे त्यांचे पट्टे काही नॅनोमीटर रुंद असतात आणि साध्या ग्रेटिंगमधूनही गोळ्यांसारखे उठून दिसतात.

मग अंतर आणि धूळ

वर्णपट वर्ग सुचवतो, दीप्ती मोजून त्याची खात्री करावी लागते. वृश्चिकाच्या शेपटीत, जिला आपण मूळ नक्षत्र म्हणतो, शेपटी वळते त्या ठिकाणी झीटा नावाचे दोन तारे अगदी शेजारी शेजारी आहेत. त्यांतला नारिंगी तारा जास्त ठळक दिसतो. तो साधा राक्षसी तारा असून सुमारे १३० प्रकाशवर्षांवर आहे. दुसरा निळसर पांढरा तारा त्याहून सुमारे एका प्रतीने मंद दिसतो, परंतु तो पाच हजार प्रकाशवर्षांच्या आसपास आहे आणि त्याचा वर्ग बी-१.५ एक-ए-अधिक, म्हणजे तो हायपरजायंट आहे. अंतर जवळजवळ चाळीसपट असल्याने प्रकाश दीडएक हजार पटींनी विरळ झालेला आहे. तरीही तो शेजाऱ्याच्या तुलनेत पावणेतीन पटच मंद दिसतो. म्हणजे नुसत्या दृश्य प्रकाशात तो शेजाऱ्याच्या पाचशेपट तेजस्वी आहे, आणि वाटेतल्या धुळीने खाल्लेला प्रकाश यात धरलेलाच नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवून वर्ग लावणाऱ्याने ही जोडी एकदा तरी पाहावी.

प्रत्यक्ष गणित पी सिग्नीवर करून पाहू. त्याची दृश्य प्रत, म्हणजे पृथ्वीवरून दिसणारे तेज, ४.८ आहे. अंतर १७०० पार्सेक, म्हणजे सुमारे ५५०० प्रकाशवर्षे धरू. अंतराला दहाने भागून येणाऱ्या १७० या संख्येचा लॉगॅरिदम २.२३, त्याची पाचपट ११.१५. दृश्य प्रतीतून ही वजा केली की −६.३५ उरते. वाटेतल्या धुळीमुळे तारा सुमारे १.६ प्रतींनी मंद झालेला आहे, तीही वजा केल्यावर निरपेक्ष प्रत जवळजवळ −८ येते. सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८ आहे, म्हणजे दृश्य प्रकाशात हा तारा सूर्याच्या सव्वा लाख पट उजळ ठरतो. परंतु १८-१९ हजार केल्विनचा तारा आपला बहुतांश प्रकाश अतिनील पट्ट्यात टाकतो. त्यासाठी आणखी १.६ प्रतींची दुरुस्ती केली की एकूण दीप्ती सूर्याच्या पाच लाख पटींवर जाते. या शेवटच्या दुरुस्तीसाठी तापमान लागते, आणि तापमान वर्णपटाच्या अक्षरावरून येते. म्हणून क्रम बदलू नये, असे सुरुवातीस म्हटले.

या गणितातली सर्वांत नाजूक बाजू अंतर आहे. अंतर २० टक्क्यांनी चुकले तर दीप्ती ४४ टक्क्यांनी चुकते, आणि इतक्या दूरच्या ताऱ्यांसाठी वेगवेगळ्या मोजण्यांत एवढा फरक सहज असतो. त्याखालोखाल धूळ. हंसातच सिग्नस ओबी-२ समूहातला बारावा तारा दृश्य प्रकाशात ११ व्या प्रतीच्याही खाली आहे आणि लहान दुर्बिणीत एखाद्या क्षुल्लक ठिपक्यासारखा दिसतो. वाटेतली धूळ त्याचा प्रकाश सुमारे दहा प्रतींनी, म्हणजे दहा हजार पटींनी कमी करते. धूळ नसती तर तो आपल्या ठळक ताऱ्यांत गणला गेला असता. त्याचाही वर्ग एक-ए-अधिक आहे.

दीप्ती मिळाल्यावर दोन मर्यादा तपासाव्यात. पहिली आर्थर एडिंग्टन यांची: प्रकाशाचा बाहेरचा रेटा गुरुत्वाच्या आतल्या ओढीइतका झाला की तारा आपले थर धरून ठेवू शकत नाही. हायड्रोजनबहुल वायूसाठी ही मर्यादा एका सूर्यवस्तुमानामागे सुमारे ३२,००० सूर्यांइतक्या दीप्तीची आहे. पाच लाखांना ३२,००० ने भागले की पी सिग्नीचे वस्तुमान निदान सोळा सूर्यांइतके तरी असलेच पाहिजे हे कळते. दक्षिण आकाशातल्या ईटा कॅरिनी या तारकेची दीप्ती सुमारे ५० लाख सूर्यांइतकी आहे, तिला शंभराहून अधिक सूर्यवस्तुमाने लागतात. दुसरी मर्यादा निरीक्षणातून आलेली आहे. १९७९ मध्ये रॉबर्टा हम्फ्रीज आणि क्रिस डेव्हिडसन यांनी दाखवले की तापमान आणि दीप्ती यांच्या आकृतीत थंड बाजूला साधारण पाच-सहा लाख सूर्यांहून अधिक दीप्तीचे तारे सापडतच नाहीत. त्याहून तेजस्वी तारे तप्त बाजूलाच राहतात. म्हणून एखाद्या लाल ताऱ्याची दीप्ती दहा लाख पट आली, तर नवा विक्रम झाला असे मानण्याआधी अंतर पुन्हा तपासावे.

एकाऐवजी अनेक तारे एकत्र दिसत नाहीत ना, हेही पाहावे लागते. मोठा मॅजेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला आर-१३६ हा ठिपका १९८० च्या सुमारास हजाराहून अधिक सूर्यवस्तुमानाचा एकच तारा असल्याचे काही शास्त्रज्ञ मानत होते. पुढे अधिक बारकाईने पाहिल्यावर तो दाट तारकासमूह निघाला. त्यातला सर्वांत वजनदार तारा सुमारे दोनशे सूर्यवस्तुमानांचा आहे, आणि तोही थोडा नाही.

शेवटी काळ

हे तारे बदलतात, आणि त्यांचा बदल हाही वर्गाचा पुरावा असतो. १६०० साली विलेम ब्लाऊ यांना हंसात तिसऱ्या प्रतीचा नवा तारा दिसला, तो पी सिग्नी. काही वर्षांनी तो मंद झाला, १६५५ च्या सुमारास पुन्हा उजळला आणि मग सध्याच्या तेजावर स्थिरावला. ईटा कॅरिनी १८३७ पासून दोन दशके खवळलेली होती. मार्च १८४३ मध्ये ती व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत ठळक तारा झाली आणि त्या उद्रेकात तिने निदान दहा सूर्यांइतके द्रव्य फेकले. असे तप्त, उद्रेकी तारे तेजस्वी निळे चल तारे या गटात मोडतात. थंडीवाऱ्याने पांघरूण बदलावे तसा शर्मिष्ठा तारकासमूहातला ऱ्हो हा पिवळा हायपरजायंट वागतो: २०००-०१ मध्ये त्याने द्रव्याचे कवच टाकले, पृष्ठभागाचे तापमान ७००० वरून ४००० केल्विनपर्यंत उतरल्यासारखे दिसले आणि एरवी फक्त एम वर्गात आढळणारे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे त्याच्या वर्णपटात उमटले. एकाच ताऱ्याचा वर्ग वर्षभरात एफ वरून एम झाला. यासाठी वर्गाबरोबर नेहमी निरीक्षणाची तारीख लिहावी.

आपल्या भागातून काय पाहावे

बेळगाव १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि दक्षिणेकडील आकाशासाठी ही जागा पुण्या-मुंबईपेक्षा तीन अंशांनी चांगली आहे. दक्षिणेला पाहायचे असेल तेव्हा शहर पाठीमागे राहील अशी जागा निवडावी: येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या बाजूची उघडी टेकाडे किंवा खानापूरच्या पुढची माळराने. जांबोटी-कणकुंबीकडचा अंधार अधिक दाट आहे, पण तिथे झाडी आणि डोंगर क्षितिज अडवतात. शिवाय अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय जाऊ नये. ऊसतोडीनंतर पाचट जाळले जाते, त्या आठवड्यांत क्षितिजालगतचे काहीही पाहण्याचा नाद सोडावा. उलट एप्रिल-मे महिन्यांत वळिवाची एखादी सर पडून गेल्यावरची रात्र वाया घालवू नये, कारण धुतलेल्या हवेत क्षितिज उघडे पडते.

मार्चच्या मध्यात रात्री सव्वानऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून अगस्त्य शोधावा. त्याच्या डावीकडे, थोडा वर, सुमारे २७ अंश उंचीवर दुसऱ्या प्रतीचा गॅमा व्हेलोरम आहे; हा आकाशातला सर्वांत ठळक वुल्फ-राये तारा, डब्ल्यूसी वर्गाचा, एका तप्त ओ ताऱ्याच्या जोडीने फिरणारा. ग्रेटिंग पहिल्यांदा यावरच लावावी, कारण ४६५ आणि ५८० नॅनोमीटरच्या जवळचे कार्बनचे पट्टे नवशिक्यालाही दिसतात. त्याच महिन्यात रात्रीच्या थ्री-फेज विजेवर उसाला पाणी पाजायला उठणाऱ्यांना पहाटे पाचला दक्षिणेकडे ३२ अंशांवर झीटाची जोडी दिसेल. साधी ७×५० ची द्विनेत्री असेल तर दोघांचे रंग वेगळे पडतात.

एप्रिलच्या मध्यात साडेनऊच्या आसपास ईटा कॅरिनी याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे नेमक्या दक्षिणेला आपल्या सर्वांत उंच जागी, येते. तिची उंची तेव्हा फक्त साडेचौदा अंश असते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड मुठीइतकी. त्रिशंकूच्या उजवीकडे, जवळजवळ त्याच पट्टीत, तेजोमेघाचा धुरकट डाग शोधावा आणि त्यात तारा पाहावा. त्रिशंकूच्या पश्चिमेला त्याच्यासारखाच दिसणारा, पण मोठा आणि मंद असा एक फसवा क्रूस आहे. त्यावरून मोजले तर तारा सापडणार नाही. ईटा सध्या चौथ्या प्रतीच्या आसपास असली तरी क्षितिजाजवळची जाड हवा तिचा बराच प्रकाश खाते, त्यामुळे द्विनेत्री न्यावीच.

पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे आकाश नसतेच. ऑक्टोबरमध्ये उघडीप झाली की संध्याकाळी हंस डोक्यावरून पश्चिमेकडे कललेला असतो. हंसाच्या छातीवरच्या गॅमा ताऱ्यापासून अडीच अंश दक्षिणेला पी सिग्नी आहे; त्याच्या तेजाची तुलना जवळच्या २८ आणि २९ सिग्नी या ताऱ्यांशी करावी, दोन्ही सुमारे ४.९ प्रतीचे आहेत. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री नऊच्या आधी शर्मिष्ठा उत्तरेला ४८ अंशांवर येते. तिच्या बीटा ताऱ्याजवळच्या टाऊ आणि सिग्मा या ४.९ प्रतीच्या ताऱ्यांशी ऱ्होची तुलना करावी. एरवी तो साडेचारच्या आसपास, म्हणजे दोघांपेक्षा थोडा उजळ असतो. प्रत्येक रात्री वहीत तारीख, भारतीय प्रमाणवेळ, ठिकाण, कोणत्या ताऱ्याशी तुलना केली आणि अंदाज काय आला, एवढे लिहावे, आणि आधीचा अंदाज पाहून नवा अंदाज लिहू नये. लागोपाठ काही आठवडे ऱ्हो त्या दोघांहून मंद दिसू लागला, तर प्रथम ढग, चंद्र आणि आपल्या डोळ्यांची शंका घ्यावी, शक्य तर दुसऱ्या गावातल्या निरीक्षकाकडून वेगळा अंदाज मागवावा, आणि दोन्ही जुळले तर त्याच रात्री ग्रेटिंग लावून वर्णपटाचा फोटो घ्यावा.